शर्यतीकडे पाठ

नरसिंगरावांची आठवण काढली की मला आधी त्यांची पाठ दिसते. खाकी शर्ट, खांद्याच्या शिवणीवर पुन्हा मारलेली टीप, मानेवर उन्हानं पाडलेल्या रेघा आणि डोक्याला गुंडाळलेला पांढरा पंचा. शर्यतीच्या दिवशी ते ट्रॅकच्या शेवटच्या वळणावर झेंडा घेऊन उभे असत आणि आम्ही ऑफिसची आणि संघांची माणसं पुढं, शेवटच्या रेषेजवळच्या तंबूत. गाड्या त्यांच्याकडून आमच्याकडे येत. त्यांचं तोंड सदा गाड्या येतात त्या बाजूला, म्हणजे आमच्याकडे पाठ. मी तिथं नोकरीला होते तेवढ्या वर्षांत शर्यत चालू असताना त्यांचा चेहरा मला एकदाच दिसला.

हैदराबाद आणि मोटारींच्या शर्यती म्हटलं की लोक अजून हसतात. खरं आहे, हैदराबादेत ट्रॅक नव्हता, ट्रॅक मद्रासकडे. पण देशातल्या शर्यतींची सगळ्यात वरची मालिका ज्या मोजक्या संघांमध्ये व्हायची, त्यांतला एक संघ आमच्या गावचा होता आणि तो नरसिंगरावांचा होता. एकच माणूस कसाबसा मावेल अशा, बिनछपराच्या, जमिनीला टेकलेल्या गाड्या. आत इंजिन आपल्या रस्त्यावरच्या मोटारीचंच, पण नरसिंगरावांच्या हातून गेलेलं. जामबागच्या एका गल्लीत त्यांचं झिजलेली इंजिनं आतून कातून बोअर करण्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या खोलीत सगळ्या मालिकेचं ऑफिस. मद्रास, कोइमतूर, बंगलोर, मुंबई इथल्या संघमालकांनी त्यांना समितीचं सचिव केलं होतं, कारण ते कुणाशी भांडत नसत आणि खोलीचं भाडं मागत नसत.

त्या खोलीत मी टायपिंगला होते. माझे वडील कोठी भागातल्या पुस्तकांच्या दुकानात गठ्ठे उचलायचे. त्यांच्या दुकानातली पुस्तकं वाचून बी.कॉम. झालेली आमच्या घरातली मी पहिली. मुलाखतीला गेले तेव्हा नरसिंगराव इंजिनाच्या तोंडात मापाची पट्टी घालून वाकले होते.

"कुणाची चिठ्ठी आणलीस?"

"कुणाचीच नाही."

"बरं झालं. वर जाऊन बस."

एवढीच मुलाखत.

नाव नरसिंगराव असल्यानं तेलुगू माणसं त्यांना आपलं समजत आणि धाडधाड तेलुगूत बोलू लागत. तेही न अडखळता बोलत. घराणं उदगीर-बीदरकडचं, जुन्या निजामी मुलखातलं, शेतकऱ्याचं. मराठी तिकडची, त्यात दखनी मिसळलेली. हो म्हणायचं तर 'हौ'. नको म्हणायचं तर 'नक्को', आणि ते दोनदा म्हटलं की विषय संपला.

दर रविवारी ते शर्यतीचे झेंडे स्वतः धुवायचे. मोठ्या घमेल्यात साबण कालवून एकेक रंग वेगळा, आणि मग गच्चीवर दोरीला ओळीनं पिवळा, निळा, लाल, हिरवा, चौकटीचा. त्या दिवसांत शहरात कुठल्या ना कुठल्या कारणानं तणाव असायचा. गच्चीवर एवढे झेंडे बघून एकदा पोलीस ठाण्यातला जवान वर चढला.

"किसके झंडे हैं ये?"

"कुणाच्याच न्हाईत," नरसिंगराव मराठीतच म्हणाले आणि मग त्याला समजावं म्हणून हिंदीवर आले. "देखो, पीला दिखाया तो आगे ख़तरा है, आहिस्ता चलो. नीला दिखाया तो पीछे से तेज़ गाड़ी आ रई, उसकू रास्ता दो. लाल दिखाया तो रुक जाओ."

जवान थोडा वेळ दोरीकडे बघत राहिला. "साब, हमारे चौराहे कू भी दे दो न एक-एक," म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

दुसरी एक सवय अशी होती की ज्याला माहीत नाही त्याला ती उद्धटपणाची वाटावी. कुठंही गेले तरी ज्या बाजूनं माणसं येतात त्या बाजूला तोंड करून बसत. हॉटेलात दाराकडे, सभेत मंचाकडे पाठ करून. मोठ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, सगळे अक्षता टाकत होते आणि वधूपिता मांडवाच्या फाटकाकडे बघत उभा. काकूंनी, त्यांच्या बायकोनं, शेवटी हात धरून त्यांना वळवलं. "अहो, इकडं बघा की जरा! लेक चालली तुमची!" वळले तेव्हा अंतरपाट निघून गेला होता.

तसंच शर्यतीचं. आयुष्य शर्यतीत घातलेल्या या माणसानं शर्यत संपताना कधी पाहिली नव्हती. शेवटची गाडी गेली, इंजिनं बंद झाली की पंचा सोडून तोंड पुसत ते तंबूत येत आणि विचारत, "कोण आलं?" मग आम्ही सांगायचं, अमका पहिला, तमका दुसरा. ते मान हलवत. स्वतःची गाडी पहिली आली असेल तरी तेवढीच मान.

याचं कारण युसूफभाई होते. ते कारण कुणी लपवलेलं नव्हतं, दुकानाच्या पाटीसारखं ते सगळ्यांसमोर होतं. युसूफभाई नरसिंगरावांचे भागीदार. लेथवर बसत, उंच स्टुलावर, आणि कुबडी बाजूला भिंतीला टेकवलेली असे. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. फार पूर्वी दोघं नुकतेच शर्यतीत उतरले होते आणि माणसं कमी म्हणून वळणावर झेंड्यालाही तेच उभे राहायचे. एक गाडी वळणावर गरकन फिरून बंद पडली. युसूफभाई तिला ढकलायला धावले. मागून येणाऱ्यांना पिवळा झेंडा दाखवायचं काम नरसिंगरावांचं. पण नेमकी त्याच वेळी त्यांची स्वतःची गाडी पुढं गेली होती आणि शेवटच्या रेषेपाशी एकाला मागं टाकत होती. ते बघायला त्यांनी मान वळवली. झेंडा हातात तसाच लोंबत राहिला.

युसूफभाई ही गोष्ट कुणालाही हसत सांगायचे. नवीन गिऱ्हाईक दिसलं की हमखास. "रावसाब अपनी गाड़ी देख रए थे मियाँ, मेरी टाँग कू देखने वाला कोई नइ था." गिऱ्हाईक हसावं की नाही या विचारात पडे. नरसिंगराव बोअरिंगच्या यंत्रावरून डोकं वर काढत नसत. त्यांनी कधी 'आता पुरे' म्हटलेलं मी ऐकलं नाही. ऐकून घेणं हा आपल्या कामाचाच एक भाग आहे, असं ते समजत असावेत.

त्या अपघातानंतर त्यांनी समितीकडून एक नियम करून घेतला होता. नव्या संघाला मालिकेत यायचं असेल तर त्याच्या माणसांनी आधी दोन मोसम वळणावर झेंडे धरायचे. "आधी झेंडा, मग गाडी," ते म्हणत. ज्यानं समोरून अंगावर येणारी गाडी उभ्यानं बघितली नाही, त्यानं गाडीत बसू नये, असं त्यांचं मत. बाकीच्या मालकांनी नियम एकमतानं मान्य केला. कोण दोन मोसम मद्रासच्या उन्हात उभं राहणार? नरसिंगरावांनी नियम दार म्हणून केला होता, बाकीच्यांनी तो कुलूप म्हणून घेतला. आणि खरंच बरीच वर्षं कुणी आलं नाही.

मग बाजार उघडला. कोठीच्या दुकानांत परदेशी वस्तू उघड्यावर विकायला आल्या, रस्त्यावर नव्या मोटारी दिसू लागल्या, कुणीही काहीही बनवावं, परवान्याची कटकट नाही, असं पेपरांत रोज येऊ लागलं. आमचे संघमालकही खूश. मुंबईच्या मेहतासाहेबांनी तर समितीच्या बैठकीला पेढे आणले होते. "आता या देशात कुणाला दारात थांबावं लागणार नाही," म्हणाले होते. मला ते वाक्य लक्षात आहे, कारण पुढं त्याच खोलीत त्याच खुर्चीवर बसून ते वेगळं बोलले.

त्याच सुमारास कुकटपल्लीची पोरं झेंडे धरू लागली. त्यांचा म्होरक्या श्रीनिवास. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, कुकटपल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रांचे सुटे भाग बनवायचं छोटं युनिट, आणि सोबत त्याच्याच वर्गातले मित्र. त्याच शेडमध्ये त्यांनी एक गाडी जुळवायला घेतली होती. शर्यतीला ते पॅसेंजरनं उभ्यानं यायचे, नरसिंगरावांच्या हाताखाली वळणावर राबायचे आणि परत जायचे. पहिला मोसम संपला तेव्हा मेहतासाहेब म्हणाले, कंटाळतील. दुसरा मोसम संपला तेव्हा त्यांचा अर्ज आला.

आणि तिथंच गाठ होती. ट्रॅकवर एका वेळी ठरावीक गाड्याच सोडता यायच्या. प्रत्येक संघाच्या दोन. नवा संघ आला तर मागल्या मोसमात शेवटी आलेल्या संघानं आपली एक गाडी काढायची, असं नियमात होतं. शेवटी आलेला संघ आमचाच होता. पहिली गाडी बंगलोरचा एक मुलगा चालवायचा, तो सरस होता. दुसरी चालवायचा दीपक, नरसिंगरावांच्या थोरल्या भावाचा मुलगा. श्रीनिवास आत आला तर दीपक बाहेर, इतकं ते सरळ होतं. शिवाय नवा संघ घ्यायला सगळ्या जुन्या संघांची संमती लागायची. एकानं नाही म्हटलं की संपलं.

बैठक आमच्याच खोलीत झाली. खाली लेथ चालू, वर पंखा, इराण्याकडचा चहा. मी कोपऱ्यात बसून लिहून घेत होते. दीपक खाली जिन्यात येऊन बसला होता.

बोलणं आधी सभ्यपणे सुरू झालं. मद्रासचे मालक म्हणाले, ट्रॅक आधीच अरुंद, नवशिके आले की अपघात वाढणार. हे म्हणताना त्यांची नजर खालून येणाऱ्या लेथच्या आवाजाकडे गेली आणि ते थांबले. कोइमतूरचे म्हणाले, असे संघ अर्ध्या मोसमात दमतात, गाडी शेडमध्ये पडून राहते आणि नाव सगळ्या मालिकेचं जातं. यात खोटं काही नव्हतं, तसं पूर्वी झालंही होतं. मेहतासाहेब म्हणाले, "आता कुठं कंपन्या जाहिरातीला तयार व्हायला लागल्या आहेत. ताट एकच आहे. खाणारे वाढवून आपण काय मिळवणार?"

"ताट कुणी वाढलं?" नरसिंगरावांनी विचारलं.

"म्हणजे?"

"काही न्हाई. बोला तुम्ही."

श्रीनिवासला वर बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, पण मान आणि दंड करपलेले. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

"जीतने आए हो, या बस चलाने?" मेहतासाहेबांनी विचारलं.

"चलाएंगे तो जीतेंगे ना सार," तो म्हणाला. "पहले चलाने तो देव."

दोघे-तिघे हसले. त्याला बाहेर थांबायला सांगितलं, पण नरसिंगरावांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या त्याला. त्याच्याबद्दलच बोलायलोय तर त्यानं ऐकावं."

आता त्याच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? सगळी मोठी, रीतीची माणसं. आणि गरजही नव्हती. नुकसान कुणाचं होणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्याच्या घरातलं पोर बाहेर पडणार तो माणूस नकार देईलच, आपण कशाला वाईट व्हा? मद्रासचे मालक गोड हसून म्हणाले, "माझी हरकत नाही. रावसाहेब म्हणतील ते." कोइमतूरचेही तेच. बंगलोरचेही तेच. मेहतासाहेबांनी तर श्रीनिवासकडे बघून मान झुकवली, "आमचा विरोध कधीच नव्हता. रावसाहेबांचा शब्द तो आमचा शब्द." आधी तुम्ही, आधी तुम्ही करत सगळ्यांनी वाट मोकळी करून दिली. मी प्रत्येक नावापुढं 'हरकत नाही' असं इंग्रजीत लिहीत गेले. शेवटचं एक नाव राहिलं.

नरसिंगरावांनी चष्मा काढला आणि पंच्यानं पुसला. मग श्रीनिवासला म्हणाले, "एक बात पूछता हूँ. गए मोसम की आख़री रेस में तू मेरे बाजू में झंडा लेके खड़ा था. वो रेस कौन जीता?"

श्रीनिवास गोंधळला. मान खाली घातली. "मालूम नइ सार."

आता सगळेच हसले. मालिकेत यायला निघालाय आणि मोसमाची शेवटची शर्यत कुणी जिंकली हे माहीत नाही! ती शर्यत मेहतासाहेबांच्याच संघानं जिंकली होती. त्यांना हसू आवरेना. "अरे बाबा, पेपर तरी वाचायचा!"

"बाद में पता चला होगा," श्रीनिवास हळूच म्हणाला, "लेकिन याद नइ. उस टाइम हमारी पीठ थी उधर. सार बोले थे, जाने वाले कू नइ देखना."

नरसिंगराव हसले नाहीत. चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे वळले. "लिही गं. हैदराबाद, हरकत नाही."

मेहतासाहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"रावसाहेब, तुमच्या लक्षात येत नाहीये," मेहतासाहेब म्हणाले. "तुमची एक गाडी जाईल. आपला दीपक..."

"आलं लक्षात. तेवढं कळतं मला."

"मग आमच्या मताचा पुन्हा विचार करावा लागेल. आम्ही आपल्यावर सोडलं होतं."

"हौ. तुम्ही सोडलं, मी उचललं." ते शांतपणे म्हणाले. "वाच गं पोरी, काय काय लिहिलंस ते."

मी उभी राहिले आणि वाचलं. सगळ्यांची नावं आणि त्यांनी म्हटलेलं, शब्दाला शब्द, अडखळले नाही. त्या इंग्रजीसाठी माझ्या वडिलांनी गठ्ठे उचलले होते. सह्या झाल्या.

दीपकला जिन्यातच कळलं होतं. सगळे गेल्यावर तो वर आला. हेल्मेट हातात.

"काका, परक्यासाठी?"

"दोन मोसम उन्हात उभी होती ती पोरं, दीपक."

"आणि मी? मी तुमच्या घरचा ना?"

"घरचा म्हणून तर तुला कुणी उभं राहा म्हटलं न्हाई. डायरेक्ट गाडीत बसवलं." नरसिंगरावांचा आवाज खाली गेला. "ती चूक माझी. तुझी न्हाई."

"चूक तुमची आणि गाडी माझी गेली," दीपक म्हणाला. त्यानं हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, नीट ठेवलं, ते जास्त लागलं. पुन्हा तो त्या दुकानात आला नाही.

मला वाटत होतं की नरसिंगरावांनी सगळ्यांना बरोबर पेचात पकडलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ते जिना उतरता उतरता थांबले.

"न्हाई गं. मी तर न्हाई म्हणायलाच बसलो होतो. सकाळी दादाच्या घरी जाऊन सांगून आलो होतो, पोराची गाडी कुठं जात न्हाई म्हणून."

"मग?"

"मग त्या पोरानं 'मालूम नइ' म्हटलं." त्यांनी कठडा धरला. "मला तेवढंच जमलं असतं त्या दिवशी, तर युसूफ दोन पायांवर असता."

दादाला दिलेला शब्द मोडला तो मोडलाच. दीपकच्या वडिलांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. भावानं सकाळी दिलेला शब्द दुपारी फिरवला तर कुणालाही राग यावा. त्या वर्षी दसऱ्याला थोरले भाऊ सोनं द्यायला आले नाहीत. दरवर्षी यायचे, लहान भावाच्या हातावर पानं ठेवून चहा घ्यायचे. नरसिंगराव दुपारपासून दुकानाच्या दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. दिवेलागणीला स्वतःच पानं घेऊन निघाले. परत आले तेव्हा पानं खिशातच होती. युसूफभाईंनी हात पुढं केला, "लाओ, मेरेकू देव." नरसिंगरावांनी ती पानं त्यांच्या हातावर ठेवली.

कुकटपल्लीच्या गाडीचं म्हणाल तर पहिल्या शर्यतीत ती सुरुवातीलाच बंद पडली. मेहतासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी काय सांगत होतो?" दुसऱ्या वेळी ती पूर्ण धावली आणि सगळ्यांत शेवटी आली. श्रीनिवास खाली मान घालून नरसिंगरावांसमोर उभा राहिला. "शेवट आलास?" ते म्हणाले. "आलास तर खरं. घरी जाऊन इंजिन उघड." तो शेडमध्ये जाऊन राबत राहिला. कधी कधी दुकानात येऊन युसूफभाईंजवळ बसायचा, दोघं एकाच पिस्टनकडे एवढा वेळ बघत की चहा गार व्हायचा. आपल्याच गाडीला हरवायची विद्या आपण आपल्या दुकानात शिकवतोय, असं मी एकदा म्हटलं. नरसिंगराव म्हणाले, "मग? दुसऱ्याच्या दुकानात शिकून आला असता तर बरं वाटलं असतं?"

त्या मोसमाची शेवटची शर्यत ही माझीही शेवटची. मला बँकेत नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात औरंगाबादला जायचं होतं. नंतर नरसिंगरावांची आणि माझी भेट झाली नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हा मालिकेचं ऑफिस मुंबईला गेलं होतं आणि आणखी कितीतरी नवे संघ आत आले होते. झेंड्याचा नियम कुणीतरी काढून टाकला होता.

त्या शेवटच्या शर्यतीच्या दिवशी ऊन असं होतं की ट्रॅक लांबून ओला दिसावा. नरसिंगराव नेहमीच्या वळणावर, आमच्याकडे पाठ. तंबूत मी, इतर संघांची माणसं आणि युसूफभाई. युसूफभाई शर्यतीला येत, पण वळणाकडे कधी जात नसत. "उधर मेरा क्या काम? एकीच टाँग बची है," म्हणत. तंबूत दीपक बसायचा ती खुर्ची कुणी हलवली नव्हती.

आमच्या गाडीचा गिअरबॉक्स अर्ध्यातच बिघडला. बंगलोरचा मुलगा कशीबशी ती रेटत होता. कुकटपल्लीची गाडी मात्र त्या दिवशी वेगळीच पळत होती. रंग अजून पुरता दिलेला नव्हता, पत्र्याच्या जोडांवर राखाडी डाग तसेच होते. पहिली नव्हती ती, पण पुढच्या घोळक्यात होती आणि आमच्या गाडीवर एका पूर्ण फेरीची आघाडी घेत तिच्याच मागं येऊन ठेपली. सगळे वळणाकडे बघू लागले. मागून तेज गाडी येतेय, वाट दे, असं सांगणारा निळा झेंडा आता नरसिंगरावांनी स्वतःच्या गाडीला दाखवायचा होता.

त्यांनी तो वर केला. जोरात हलवला, जसा कुणाच्याही गाडीला हलवतात तसा. आमची गाडी कडेला झाली. कुकटपल्लीची गाडी पुढं निघून गेली.

तंबूत कुणीतरी टाळी वाजवली आणि थांबलं. तेव्हाच युसूफभाई उठले. कुबडी काखेत घेतली आणि कुंपणाच्या कडेकडेनं, हळूहळू वळणाकडे चालू लागले. मी मागून हाक मारली, त्यांनी ऐकलं नाही. ते नरसिंगरावांजवळ पोचले. दोघांत काही बोलणं झालं. काय ते नंतर मी युसूफभाईंना विचारलं.

"मैं बोला, झंडा इधर लाओ. आने वालों कू आज मैं देखता. तुमे जाने वालों कू देखो."

"आणि ते काय म्हणाले?"

"छोड़ रए नइ थे. खींचना पड़ा."

आम्हाला तंबूतून एवढंच दिसलं की झेंडा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. युसूफभाई कुबडी रोवून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभे राहिले. आणि नरसिंगराव वळले.

ट्रॅकवर, शर्यत चालू असताना, त्यांचा चेहरा. पंचा कपाळावर ओढलेला, डोळे बारीक केलेले. आधी त्यांनी तंबूकडे बघितलं, आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. त्या खुर्चीपाशी ती थोडी थांबली. मग गाड्यांकडे. मुंबईची गाडी रेषा ओलांडून गेली, मद्रासची गेली, मागून राखाडी डागांची ती गेली. श्रीनिवासची पोरं तारेवर चढून ओरडत होती. नरसिंगराव काहीच करत नव्हते. हात मोकळे होते आणि मोकळ्या हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. एस.टी.तून उतरणाऱ्या माणसांत आपलं माणूस शोधताना चेहरा होतो ना, एकेक जण उतरून जातो आणि आपण बघतच राहतो, तसा तो चेहरा होता.

गाड्या संपल्या असं आम्हाला वाटलं. लोक रेषेकडे धावले. नरसिंगराव मात्र पुन्हा वळले आणि युसूफभाईंच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. झेंडा त्यांनी परत मागितला नाही. आता दोघांच्याही पाठी आमच्याकडे होत्या.

अजून एक गाडी यायची होती. त्यांचीच.